सेकंड हँड डिझेल गाडी : इंजिन थंड असतानाच बघा
(लेखमाला : गाडी घेताना, भाग ४)

मागच्या भागात आरसी, विमा आणि बँकेचा बोजा तपासला. आता बॉनेट उघडू.

एमएच-२० च्या बाजारात लहान डिझेल गाडी शोधायला निघालात की आधी स्विफ्ट किंवा डिझायरच दाखवतात. तिचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन मुळात फियाटचं. इंडिका व्हिस्टा आणि पुंटोलाही तेच. त्यांच्यासाठी ते आपल्या रांजणगावात तयार व्हायचं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं तेव्हा मारुतीने डिझेल बंदच केलं. म्हणजे बाजारातली सर्वांत नवी डिझेल स्विफ्टसुद्धा तेव्हाची.

हे इंजिन दणकट आहे, पण ऑइलची हयगय त्याला चालत नाही. यात टायमिंग बेल्ट नसून चेन आहे आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. आधीच्या मालकाने ऑइल बदलायला टाळाटाळ केली असेल, तर चेन सैल होते. मग सकाळच्या पहिल्या स्टार्टला पुढच्या बाजूने काही सेकंद खडखड ऐकू येते आणि इंजिन तापलं की थांबते. चेन सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनचं काम निघतं. पोलो १.२ टीडीआय किंवा फॅबिया १.४ टीडीआय घेत असाल, तर तिथे बेल्ट असतो. तो कधी बदलला, याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून किंमत बोला.

म्हणून विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ गेल्यावर बॉनेटवर आणि रेडिएटरवर हात ठेवून पाहा. गरम लागले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गाडी बघताना आणखी सावध राहावं लागतं. भर उन्हात ग्लो प्लग गेलेली गाडीसुद्धा एका सेल्फमध्ये चालू होते आणि तिचं दुखणं डिसेंबरात कळतं. उन्हाळ्यात गाडी पहाटेच बघा.

डिपस्टिकवरचं ऑइल काळं दिसलं तर घाबरू नका. डिझेलमध्ये ते काजळीने लवकर काळं होतंच. ऑइल भरण्याचं झाकण मात्र उघडून बघा. आतल्या बाजूला चिकट गाळ जमला असेल, तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. मग इंजिन चालू ठेवून तेच झाकण तोंडावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. धुराच्या झोताने उडू लागलं, तर रिंग-पिस्टन झिजलेत.

धूरही बघा. रेस दिल्यावर थोडा काळा धूर येणं जुन्या डिझेलला माफ आहे. निळा धूर निघत राहिला तर गाडी ऑइल खाते. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल, तर नोझल किंवा हेड गॅस्केट तपासून घ्या.

चाचणी जालना रोडच्या सिग्नलांमध्ये आटपू नका. चार माणसं बसवून, एसी लावून दौलताबादचा घाट चढा. २००० आरपीएमच्या खाली पिकअप मंद वाटणं या इंजिनचा स्वभावच आहे, पण टर्बो लागल्यावर गाडीने जोर धरायलाच हवा. इंजिनचा आवाज वाढतो आणि वेग तेवढाच राहतो, तर क्लच गेला. तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकला, तर तिथूनच परत फिरा.

मीटरवरच्या किलोमीटरवर मी फार विसंबत नाही. मीटर मागे फिरवता येतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदी, टायरवर छापलेला आठवडा आणि वर्ष, ब्रेक-क्लचच्या पॅडलचं रबर, हे एकमेकांशी जुळतं का ते बघा. हायवेवर दीड लाख किलोमीटर चाललेली, ऑइल वेळेवर बदललेली गाडी मी शहरातल्या सिग्नलांवर साठ हजार चाललेल्या, नोंदी नसलेल्या गाडीपेक्षा केव्हाही आधी घेईन.

शेवटी आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला सोबत घ्या आणि स्कॅनर लावून घ्या. एजंटने आणलेला मिस्त्री नको. आणि थंड इंजिन दाखवायला कोणी तयारच नसेल, तर इसार देऊ नका, सरळ दुसरी गाडी बघा.