पिवळ्या अंगरख्याचें पोर : जुन्या चित्रकथांच्या मूळ प्रती व नकला

हस्तलिखित पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या मंडळींस वर्तमानपत्रांतील व्यंगचित्रें ही क्षुद्र वस्तु वाटण्याचा संभव आहे. शिळ्या वर्तमानपत्राची योग्यता पुडी बांधण्यापुरती, असाच लौकिक समज. परंतु अलीकडे इंटरनेटवर जुन्या चित्रकथांचे जे विपुल साठे खुले झाले आहेत, त्यांकडे संशोधकाच्या दृष्टीनें पाहिल्यास तेथें आपल्या परिचयाचेच प्रश्न उभे राहतात. मूळ प्रत कोणती व नक्कल कोणती, पाठ कोणीं बदलला, पुष्पिका खरी कीं मागाहून जोडलेली, हेच ते प्रश्न होत. त्यांचीं उत्तरें कशीं शोधावींत, आणि नक्कल हातीं आली म्हणून मूळ टाकून देण्यांत केवढी हानि होते, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून दाखविण्याचें प्रस्तुत लेखाचें प्रयोजन आहे.

उदाहरण अमेरिकेंतील आहे. रिचर्ड आउटकॉल्ट नांवाच्या चित्रकारानें काढलेलीं गरीब वस्तींतील पोरांचीं चित्रें १८९५ सालापासून न्यू यॉर्कच्या ‘वर्ल्ड’ ह्या पत्रांत येऊं लागलीं. पुढें त्या चित्रांस ‘होगन्स ॲली’ हें नांव रूढ झालें. त्यांत टकल्या डोक्याचा, मोठ्या कानांचा, पायघोळ अंगरखा घातलेला एक मुलगा असे. आरंभीं तो अनेकांपैकीं एक होता. १८९६ च्या प्रारंभीं त्याचा अंगरखा पिवळ्या रंगांत छापला जाऊं लागला, आणि तो ‘यलो किड’, म्हणजे ‘पिवळें पोर’, ह्या नांवानें सर्वतोमुखीं झाला. त्याचें बोलणें पुष्कळदां त्या अंगरख्यावरच लिहिलेलें असे. म्हणजे वस्त्र हेंच त्याचें पत्र. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत आउटकॉल्ट हा हर्स्ट ह्याच्या ‘जर्नल’ पत्रांत गेला. इकडे पुलिट्झर ह्याच्या ‘वर्ल्ड’नें जॉर्ज लक्स ह्या दुसऱ्या चित्रकाराकडून तेंच पोर काढविण्याचें काम चालू ठेविलें. अर्थात् कांहीं काळ एकाच शहरांत एकाच पोराच्या दोन शाखा प्रचलित होत्या. आज एखादें सुटें चित्र समोर आलें असतां पत्राचें नांव, तारीख व चित्रकाराची सही हीं तिन्ही पाहिल्याखेरीज तें कोणत्या शाखेचें हें सांगतां येत नाहीं.

आतां नकलांचा प्रकार पाहूं. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असल्यामुळें तो पिवळा पडतो व ठिसूळ होतो. बांधलेले खंड जागाही फार अडवितात. म्हणून अमेरिकेंतील ग्रंथालयांनीं विसाव्या शतकाच्या मध्यास वर्तमानपत्रांचे मायक्रोफिल्म, म्हणजे सूक्ष्मपट, करून घेतले आणि अनेक ठिकाणीं मूळ खंड विकून वा फेकून दिले. मजकूर वाचण्यापुरते हे सूक्ष्मपट पुष्कळ उपयोगी पडले, हें नाकारतां येत नाहीं. परंतु ते बहुशः कृष्णधवल होते. रविवारच्या रंगीत पुरवण्यांतील लाल, निळा, पिवळा हे सर्व रंग करड्या छटांत बुडाले. ज्या पोराचें नांवच पिवळें, त्याचा अंगरखा त्या नकलेंत राखेच्या रंगाचा दिसतो! लेखनिकानें अक्षरें उतरविलीं आणि अर्थ गाळला, असाच हा प्रकार झाला.

ह्या नाशांतून जें वांचलें त्याचें बरेंचसें श्रेय बिल ब्लॅकबियर्ड ह्या एका गृहस्थास आहे. ग्रंथालयें आपले खंड खासगी माणसास देत नाहींत, संस्थेस देतात, असें दिसून आल्यावर त्यानें १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रॅन्सिस्को येथें आपल्या राहत्या घरींच चित्रकथांच्या संग्रहाची एक संस्था स्थापिली आणि टाकून दिले जाणारे खंड गोळा करण्याचा सपाटा लाविला. खंडांतून चित्रें कापून तीं त्यानें क्रमवार लाविलीं. ओहायो राज्य विद्यापीठानें १९९७ सालीं हा संग्रह मिळविला, तेव्हां तो कोलंबस शहरीं नेण्यास सहा मोठ्या मालमोटारी लागल्या. वजन सुमारें ७५ टन, आणि कात्रणें व सुटीं पानें मिळून संख्या सुमारें २५ लाख. ब्लॅकबियर्ड २०११ सालीं वारला. आज तो संग्रह त्या विद्यापीठाच्या बिली आयर्लंड व्यंगचित्र ग्रंथालयांत आहे. पोथ्यांसाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या आपल्याकडील संशोधकांस ह्या गृहस्थाची जात ओळखूं येईल.

इंटरनेटवर आज जें दिसतें त्याची परीक्षा ह्या इतिहासाच्या प्रकाशांत केली पाहिजे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या पुढाकारानें उभा राहिलेला ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह सर्वांस विनामूल्य खुला आहे. परंतु त्यांतील बहुसंख्य पानें सूक्ष्मपटांवरून घेतलेलीं, म्हणजे नकलेची नक्कल आहेत. त्यांवरून तारीख, पान व शेजारचा मजकूर निश्चित करावा, रंग मात्र नव्हे. दुसरा प्रकार ‘डिजिटल कॉमिक म्युझियम’ सारख्या साठ्यांचा. तेथें स्वामित्वहक्क संपलेलीं चित्रकथांचीं पुस्तकें संग्राहकांनीं स्वतः यंत्रावर उतरवून ठेविलेलीं आहेत. १९६४ पूर्वीं तेथें प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या हक्काचें नूतनीकरण २८ व्या वर्षीं करावें लागे. ज्यांचें तें राहून गेलें तीं पुस्तकें सार्वजनिक झालीं, म्हणून असे साठे शक्य झाले. ह्या नकलांस लाविलेल्या खुणा ध्यानांत ठेवाव्या. ‘सी टू सी’ अशी खूण असल्यास मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, जाहिरातींसह, सर्व पानें घेतलीं आहेत असें समजावें. ‘फिश’ अशी खूण असल्यास ती प्रत सूक्ष्मपत्रावरून आलेली असून तिच्या रंगांचा भरंवसा धरूं नये. कित्येकदां शेवटीं नक्कल करणारानें आपलें टोपणनांव घातलेलें एक पान असतें. तें लेखनिकाच्या पुष्पिकेसारखें आहे, परंतु ग्रंथाचा भाग नव्हे.

कालनिर्णयाविषयीं दोन सूचना. दैनिक चित्रमालिकेच्या चौकटींत बारीक आंकड्यांनीं तारीख लिहिलेली असते, ती अमेरिकन रीतीनें महिना आधीं व दिवस नंतर अशी असते. ‘४-५’ म्हणजे ५ एप्रिल, ४ मे नव्हे. दुसरें असें कीं, मासिक पुस्तकाच्या मुखपृष्ठावरील महिना हा विक्रीचा महिना नसतो. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर जून १९३८ असें छापलेलें आहे, तरी तो एप्रिलांतच दुकानांत आला होता. कोणतें चित्र आधीं व कोणतें नंतर हा वाद असेल तेथें दोन महिन्यांचें हें अंतर निर्णायक ठरतें.

पाठभेदांचीही वाण नाहीं. रविवारची एकच चित्रकथा एका पत्रांत पूर्ण पानभर, दुसऱ्यांत अर्ध्या पानांत, तिसऱ्यांत एक तृतीयांश जागेंत छापली जाई, आणि जागा कमी पडली कीं कांहीं चौकटी गाळीत. चित्रकारांसही हें ठाऊक असल्यामुळें ते आरंभींच्या कांहीं चौकटी गाळल्या तरी कथा तुटणार नाहीं अशा बेतानें काढीत. म्हणून एका पत्रांतील पान पाहून चित्रकथा पूर्ण आहे असें म्हणूं नये. आपल्याकडील दाखला द्यावयाचा तर मुंबईहून १९६४ ते १९९० पर्यंत निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा देतां येईल. ली फॉक ह्याचा ‘फँटम’ त्यांतून मराठी मुलांस वेताळ म्हणून भेटला. मूळांत त्याच्या देशाचें नांव ‘बंगाला’ असें. तें येथील अंकांत ‘डेंकाली’ झालें. बंगालशीं होणारें साम्य टाळण्याकरितां हा फरक केला असावा, असा तर्क स्वाभाविक आहे. येथील अंकांवरूनच मूळ कथेविषयीं लिहिणारास हें नांव ग्रंथकाराचें वाटेल, आणि तो फसेल.

इतक्या विवेचनाचें तात्पर्य थोडक्यांत सांगतां येतें. नक्कल ही मूळाकडे नेणारी वाट आहे. ती मूळाची जागा घेऊं शकत नाहीं. आज आपल्याकडेही घरोघरचे जुने मासिकांचे खंड, दिवाळी अंक व मुलांचीं चित्रपुस्तकें यंत्रावर उतरविण्याचें स्तुत्य काम चालू आहे. तें करणारांनीं प्रत्येक प्रतीबरोबर अंक, तारीख, पानांची संख्या व मूळ कोणाच्या संग्रहीं आहे हें नमूद करावें, जाहिरातीचें पानसुद्धां वगळूं नये, आणि काम संपलें म्हणून कागद रद्दींत घालूं नये. उद्यांचें यंत्र आजच्यापेक्षां सूक्ष्म पाहील, परंतु त्याला पाहावयास कागद उरला पाहिजे. पिवळ्या पोराचा अंगरखा खरोखर पिवळा होता हें आज आपण सांगूं शकतों, याचें कारण एवढेंच कीं कोणीतरी तो कागद फेकूं दिला नाहीं.