पुढारीपणाची आणेवारी

पिकाची आणेवारी, हल्लींची पैसेवारी, नुसत्या नजरेनें ठरविली तर काय घोटाळे होतात, हें कृषकबंधूंस सांगावयास नको. म्हणूनच ठराविक मापाचा तुकडा कापून, मळून, धान्य तोलून उतारा काढण्याची रीत पडली. परंतु आपल्या पाणी वापर संस्थेचा पुढारी कसा आहे, हें आपण अद्यापि नजरेनेंच ठरवितों. मोठ्यानें बोलणारा व कचेरीच्या खेपा घालणारा तो उत्तम! आमच्या मतें ही कसोटी अपुरी आहे.

जेथें मंडळी आपलें काम आपणच वांटून घेतात, तेथें पुढाऱ्याचें काम हुकूम सोडण्याचें नव्हे. अमेरिकेंतील चार्ल्स मॅन्झ व हेन्री सिम्स या विद्वानांनीं एका कारखान्यांतील अशा स्वयंशासित टोळ्यांची पाहणी करून सन १९८७ मध्यें निबंध प्रसिद्ध केला. पुढाऱ्याचें वर्तन त्यांनीं सहा कलमांनीं मोजलें. आपलें उद्दिष्ट आपणच ठरविणें, आपल्या कामाची आपणच पारख करणें, स्वतःकडून उंच अपेक्षा धरणें, कामापूर्वीं त्याची उजळणी करणें, चुकल्यास स्वतःस दोष देणें व साधल्यास स्वतःस शाबासकी देणें, या गोष्टींस तो कितपत उत्तेजन देतो? हे प्रश्न कामकऱ्यांस विचारले गेले. त्यांत स्वतःची पारख व शाबासकी यांस उत्तेजन देणें विशेष महत्त्वाचें ठरलें.

आपल्याकडे स्वयंशासन नवें नाहीं. धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादि नद्यांच्या बंधाऱ्यांवर फडपद्धति चालत आली. एका फडांत एकच पीक, पाटकऱ्याच्या हातून पाणी, आणि कारभार बागाइतदारांचा. सन २००५ च्या कायद्यानें पाणी मोजून संस्थेच्या हवालीं करण्याची तरतूद झाली. आंत वांटप न्यायानें झालें नाहीं तर पाटाच्या टोंकाचें पीक वाळतें. म्हणून पुढाऱ्याची पारख हा केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हे.

यास्तव प्रत्येक हंगामाअखेर सभासदांकडून बिननांवी चिठ्ठ्या घ्याव्या. पाळीपत्रक सर्वांच्या विचारें ठरलें काय? मिळालेल्या व दिलेल्या पाण्याचा हिशेब आपणांस दाखविला काय? तंटा सभासदांनींच मिटवावा असा प्रयत्न झाला काय? पाट स्वच्छ राखणाऱ्यांची वाखाणणी झाली काय? प्रत्येक प्रश्नास एक ते पांच गुण द्यावे. टोंकाकडील शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्या निराळ्या मोजाव्या. मुखाशीं असणाऱ्यास सर्व ठीकच वाटतें. टंचाईच्या सालीं गुण उतरणारच, म्हणून एका हंगामावरून निकाल न देतां तीन-चार हंगामांचे आंकडे शेजारीं मांडावे. वसुली व भिजलेलें क्षेत्र हेही त्यांच्या जोडीस असावे.

पुढारी पंधरा दिवस परगांवीं असतां पाळी बिनतक्रार चालली, तर त्याचें काम सोळा आणे उतरलें असें खुशाल समजावें.