निलंबन, मोटारगाडीचे पुढील : दोष व दुरुस्ती

मोटारगाडीचा भार पुढील चाकांवर लवचीक रीतीने पेलणाऱ्या आणि रस्त्याचे धक्के शोषून चाके जमिनीशी सतत टेकलेली ठेवणाऱ्या भागांच्या योजनेस पुढील निलंबन म्हणतात. गाडी वळविणे आणि ब्रेक लावताना पुढे सरकणारा भार पेलणे ही दोन्ही कामे पुढील चाकांकडे असल्याने या भागांतील ढिलेपणा सुरक्षिततेसही बाधक ठरतो. आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना त्याचा प्रत्यय विशेष येतो.

रचना : हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसॅडर (उत्पादन २०१४ पर्यंत) मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीवर आधारलेली होती. तिच्या पुढील चाकांचा भार लांब पोलादी दांड्यांच्या पिळावर तोलला जातो. पूर्वी मुंबईत कुर्ला येथे तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीत, म्हणजे मूळच्या फियाट ११०० मध्ये, वर-खाली दोन भुजा व त्यांमध्ये मळसूत्री स्प्रिंग असते. दोन्ही गाड्यांत चाक किंगपिन या उभ्या खिळीभोवती वळते. त्यांना स्वतंत्र सांगाडा नसून निलंबनाचे आधार पत्र्याच्या कवचातच जोडलेले असतात.

दोषांची कारणे : रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. पाण्याने किंगपिनमधील ग्रीस धुऊन जाते, जांभ्याचा लाल चिखल सांध्यांत साचतो आणि खाऱ्या हवेने पत्रा गंजतो. त्यामुळे चांगल्या स्थितीतील स्प्रिंगसुद्धा कमकुवत आधारावर निकामी ठरते.

निदान : प्रथम टायर पाहावेत. दोन्ही कडा झिजल्या असल्यास हवा कमी असते. एकच कडा झिजल्यास चाकाचा कल बिघडलेला असतो. करवतीच्या दात्यांसारखी झीज चाकांची समांतरता बिघडल्याचे, तर टप्प्याटप्प्याने पडलेले खळगे धक्काशोषक दुबळा झाल्याचे किंवा चाक असंतुलित असल्याचे लक्षण होय. गाडी एका बाजूस ओढत असल्यास हवेचा दाब व अडकणारा ब्रेक आधी तपासावा.

नंतर मागील चाकांना अटकाव लावून गाडी पुढून उचलावी व भक्कम आधारावर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. चाक वर व खाली धरून हलविल्यास खडखडले, तर मदतनिसास ब्रेक दाबावयास सांगावे. ढिलेपणा नाहीसा झाल्यास दोष चाकाच्या बेअरिंगचा, तसाच राहिल्यास किंगपिनचा समजावा. चाक डावी-उजवीकडे धरून हलविल्यास सुकाणूच्या दांड्यांचे सांधे कळतात. गाडी खाली उतरवून तिचा कोपरा दाबून सोडावा. ती एकदा वर येऊन स्थिरावली नाही, तर धक्काशोषक निकामी झालेला असतो. शेवटी आधारांजवळचा पत्रा हातोडीने ठोकून पाहावा. बोदा आवाज आल्यास गंज आत पोहोचलेला असतो.

दुरुस्ती : गंजलेला आधार निरोगी पत्र्यापर्यंत कापून, नवा पत्रा वितळजोडाने बसविल्यावरच पुढील कामे हाती घ्यावीत. किंगपिन बदलताना तिचे बुशही बदलून रीमरने मापास आणतात. मळसूत्री स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. ती योग्य साधनाने आवळून न धरता सोडविल्यास उसळून प्राणघातक इजा करू शकते. स्प्रिंगा व धक्काशोषक जोडीनेच बदलावेत. पिळाचे दांडे ठरावीक दिशेनेच पीळ घेण्यास सरावलेले असल्याने डावा व उजवा दांडा आपसांत बदलू नयेत. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. अन्यथा रबर कायम पिळलेल्या स्थितीत राहून लवकर फाटते.

चाकांची समांतरता सर्वांत शेवटी जुळवितात. सांधे ढिले असताना केलेली जुळणी पहिल्याच खड्ड्यात बिघडते व नवे टायर व्यर्थ झिजतात. पावसाळ्यापूर्वी व नंतर चाके जमिनीवरून उचलून, जुने मळकट ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे भरावे; भार उतरलेला असल्याने ते किंगपिनच्या घासणाऱ्या बाजूपर्यंत पोहोचते. गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुतल्यास गंजाची गती बरीच मंदावते.