जॉर्ज म्युलर यांची प्रातःकालीन उपासनापद्धती

जॉर्ज म्युलर (२७ सप्टेंबर १८०५ – १० मार्च १८९८) हे प्रशियात जन्मलेले व इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे कार्य केलेले ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि अनाथाश्रमांचे संस्थापक होते. त्यांनी १८४१ पासून आचरलेली प्रातःकालीन उपासनापद्धती प्रोटेस्टंट भक्तिपरंपरेत प्रसिद्ध आहे. आपला आत्मा प्रभूच्या ठायी आनंदित राखणे हे दिवसाचे पहिले कर्तव्य होय, हे तिचे मूळ सूत्र आहे.

पार्श्वभूमी

म्युलर यांनी १८३६ मध्ये ब्रिस्टलच्या विल्सन स्ट्रीटवर पहिला अनाथाश्रम उघडला. पैशासाठी कोणाही माणसापुढे हात पसरायचा नाही, गरज केवळ देवापुढे मांडायची, असा त्यांचा नियम होता. १८३८ नंतरची काही वर्षे ओढाताणीची गेली. कित्येकदा दुसऱ्या दिवसाच्या खर्चाइतकीही शिल्लक नसे. त्यांनी आनंदाचा विचार केला तो या परिस्थितीत, हे लक्षात न घेतल्यास त्यांचे म्हणणे सुखवस्तू माणसाचा उपदेश वाटण्याचा संभव आहे.

पद्धती

त्यापूर्वी सुमारे दहा वर्षे म्युलर सकाळी उठल्यावर प्रथम प्रार्थनेस बसत. मात्र मन भरकटे आणि खऱ्या प्रार्थनेस आरंभ होण्यापूर्वी दहा मिनिटे, पाव तास, प्रसंगी अर्धा तासही निघून जाई, अशी कबुली त्यांनी दिली आहे. १८४१ च्या वसंत ऋतूत नेल्सवर्थ येथे मुक्कामी असताना त्यांनी हा क्रम उलटा केला. थोडक्यात आशीर्वाद मागून ते नव्या कराराचे वाचन सुरू करीत आणि एकेका वचनावर थांबून मनन करीत. हे वाचन प्रवचनाच्या तयारीसाठी नसे, तर स्वतःच्या आत्म्याच्या पोषणासाठी असे. मननातून पापकबुली, आभार किंवा इतरांसाठी विनवणी आपोआप उमटे. ती झाली की पुढचे वचन. अशा रीतीने प्रार्थना ही मननाची परिणती ठरली.

न्याहारीवाचून शरीर कामास लागत नाही, तसेच अंतर्यामीच्या माणसाचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. नुसते वाचन त्यांना पुरेसे वाटत नसे. नळातून पाणी वाहून जावे तसे शब्द मनातून निघून जातात, असे ते म्हणत. पुष्कळदा ते ठळक अक्षरांचा नवा करार घेऊन मोकळ्या रानात फिरत मनन करीत. पूर्वी फिरण्यातला वेळ त्यांना वाया गेल्यासारखा वाटे.

विवेचन

पौलाने बंदिवासातून लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्रात (४:४) आनंद करण्याची आज्ञा आहे. भावना आज्ञेने कशी उत्पन्न व्हावी, हा प्रश्न रास्त आहे. म्युलर यांच्या आचरणातून त्याचे व्यावहारिक उत्तर मिळते: आनंद ओढून आणता येत नाही, परंतु तो ज्या वाटेने येतो त्या वाटेवर नियमाने जाऊन बसता येते. ‘नित्यनेम’ या शब्दाला मराठीत पुण्यसंचयाची छटा आहे. ती येथे अभिप्रेत नाही. देवाची कृपा मिळवण्यासाठी नव्हे, तर मिळालेल्या कृपेचा आस्वाद घेण्यासाठी हा नियम आहे. आत्मा उदास असताना केलेली सेवा योग्य वृत्तीने होत नाही, अशीही त्यांची धारणा होती. या मताचा ताण दीर्घ विषादाने ग्रासलेल्यांवर पडू शकतो. आनंद न वाटणे हाच अपराध, असा अर्थ त्यातून काढणे उचित नाही. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे विपुल आहेत.

प्रभाव

अमेरिकन धर्मोपदेशक जॉन पायपर यांनी ‘डिझायरिंग गॉड’ (१९८६) या ग्रंथात या पद्धतीचा आधार घेतला आहे. महाराष्ट्राशी तिच्या कर्त्याचा संबंध पंडिता रमाबाईंमुळे येतो. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मकथनात रमाबाईंनी म्युलर यांचा वृत्तांत वाचल्याचे नमूद केले आहे. केडगावच्या मुक्ती मिशनचा निर्वाहही पुढे त्यांनी प्रार्थनेवर विसंबूनच चालविला.