डेटाबेस नवा, अडगळ जुनीच

समजा, महाड तालुक्यातल्या खातेदारांची यादी पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसमध्ये आहे. कसबे शिवथरच्या कुणाची वारसनोंद झाली, तर जुनी ओळ लगेच पुसली जात नाही. ती मृत होऊन पडून राहते आणि नवी ओळ वेगळी लिहिली जाते. 'व्हॅक्यूम' ही सफाई ती जागा पुढच्या नोंदींसाठी मोकळी करते, फाइल मात्र सहसा तेवढीच फुगलेली राहते.

आवृत्ती बदलली की हे निस्तरेल, असं अनेकांना वाटतं. पण 'पीजी_अपग्रेड' टेबलांच्या फाइली जशाच्या तशा उचलतो. म्हणून तो झटपट होतो, आणि अडगळही सोबत येते. सगळा डेटा बाहेर काढून नव्याने भरला तर ती जाते. त्याला वेळ फार.

उलट, जी आकडेवारी यायला हवी ती 17व्या आवृत्तीपर्यंत मागेच राहायची. शिवथरच्या ओळी साधारण किती, हा अंदाज डेटाबेस तिच्यावरूनच बांधतो. तो चुकला, तर चार ओळींसाठी अख्खं टेबल चाळलं जाऊ शकतं. मग 'अपग्रेडनंतर साइट रांगते' अशी ओरड. 2025मध्ये आलेल्या 18व्या आवृत्तीत जाताना बहुतेक आकडेवारी सोबत येते. मृत ओळींची मोजदाद मात्र अजूनही शून्यावर जाते. अपग्रेडनंतर 'अ‍ॅनालाइझ' चालवायचं ते त्यासाठीही.