अक्षर न लिहिणाऱ्यांचा माग

रशियन, युक्रेनियन, पोलिश, चेक, सर्बियन इत्यादी भाषा बोलणाऱ्या लोकांना स्लाव म्हणतात. त्यांच्या भाषेसाठी पहिली लिपी इ. स. ८६३ च्या सुमारास सिरिल व मेथोडियस या बंधूंमुळे प्रचारात आली. त्यापूर्वीच्या स्लावांनी स्वतःचा इतिहास लिहिलेला नाही. मग त्यांचे मूळ घर शोधायचे कसे?

पहिली साक्षीदार भाषा. स्लाव भाषांत मधाला ‘मेद’ म्हणतात. आपला ‘मध’ आणि हा ‘मेद’ एकाच प्राचीन कुळातले! ओक, बर्च, लिंडेन या झाडांना त्यांचे स्वतःचे शब्द आहेत. पण बीच वृक्षाचे नाव जर्मन कुळातील भाषांतून उसने घेतलेले आहे. बीच पूर्व युरोपच्या अंतर्भागात आढळत नाही. तेव्हा स्लावांचे घर तिकडेच असावे, असा तर्क निघाला. मात्र झाडांच्या सीमा काळानुसार सरकतात, हे विसरता येत नाही.

दुसरी साक्षीदार माती. युक्रेनपासून चेक देशापर्यंत सहाव्या-सातव्या शतकांतील सारख्याच झोपड्या सापडतात. त्या चौकोनी, जमिनीत थोड्या खोल खणलेल्या, कोपऱ्यात दगडी भट्टी असलेल्या. ही रचना शहाणपणाची होती. मातीतून उष्णता सावकाश वाहते, शिवाय खाली बोचरा वारा लागत नाही. दगड तापायला वेळ लागतो, तसाच निवायलाही. म्हणून विस्तव विझल्यावरही ऊब टिके. जवळच हाताने घडविलेली, नक्षी नसलेली साधी मडकी मिळतात. पण मडके घडविण्याची रीत शेजाऱ्याकडूनही शिकता येते. मग माणसे सरकली, की नुसत्या चालीरीती पसरल्या? हा वाद अनेक वर्षे चालला.

तिसरी साक्षीदार हाडे. येथे मोठी अडचण होती. प्रारंभीचे स्लाव मृतांचे दहन करीत, आणि जळालेल्या हाडांत डी. एन. ए. सहसा टिकत नाही. पुढे दफनाची चाल सुरू झाली, त्या काळची हाडे उपयोगी पडली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांची तुलना त्याच प्रदेशांतील जुन्या हाडांशी केली गेली. पूर्व जर्मनी, पोलंड व क्रोएशिया येथील लोकसंख्या सहाव्या ते आठव्या शतकांत मोठ्या प्रमाणात बदलल्याचे दिसले. नव्या लोकांचा वारसा दक्षिण बेलारूस व मध्य युक्रेनच्या परिसराकडे बोट दाखवितो. आले ते केवळ लढवय्ये पुरुष नव्हते. स्त्रियाही बरोबरीने आल्या होत्या.

म्हणजे भाषेने वर्तविलेली दिशा हाडांनी पक्की केली. प्रयोगशाळेत आपण एकच राशी दोन-तीन निरनिराळ्या रीतींनी मोजतो आणि उत्तरे जुळली की मगच निर्धास्त होतो. इतिहासाचा शोधही त्याच शिस्तीने चालतो.