घोड-कुकडीचे पाणी आणि समुद्रातील भोवरे

नाणेघाटाच्या कड्याखाली पडणारा पाऊस अरबी समुद्राला मिळतो. कड्याच्या माथ्यावर, जुन्नर-आंबेगावात पडणारा पाऊस मात्र कुकडी-घोडमधून भीमेला, पुढे कृष्णेला मिळतो. धरणांत अडून उरलेले पाणी बंगालच्या उपसागरात पोहोचते.

गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावतीही तिथे गोडे पाणी ओततात. इतक्या नद्यांमुळे हा समुद्र सुपीक असायला हवा. प्रत्यक्षात तो अरबी समुद्राहून कमी सुपीक आहे. असे का?

गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर झाकणासारखे पसरते. वनस्पतिप्लवक, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, उजेडासाठी वरच्याच थरात वाढतात. तेथील नायट्रेट लवकर संपते आणि खालचा साठा झाकणामुळे वर येत नाही. प्लवक घटले की त्यावर जगणारे मासेही घटतात.

ही कोंडी भोवरे फोडतात. डोहातला भोवरा वस्तू खाली ओढतो. समुद्रातले शंभर-दोनशे किलोमीटर रुंदीचे काही भोवरे याच्या उलट वागतात. उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या भोवऱ्याच्या मध्याशी खालचे थंड, पोषक पाणी वर येते. अशा भोवऱ्यांमुळे उपसागरात प्लवकांची वाढ होते, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील प्रसन्नकुमार व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले.

थंड आणि उबदार पाण्याच्या सीमेवरही प्लवक दाटते. हैदराबादचे महासागर माहिती सेवा केंद्र अशा जागा उपग्रहाच्या मदतीने ओळखून मच्छीमारांना कळवते.

वर्गात काचेच्या पेल्यात मिठाचे रंगीत पाणी घ्या. त्यावर चमच्याच्या आधाराने साधे पाणी अलगद सोडा आणि हलकेच फुंकर घाला. झाकण किती चिवट असते, ते मुलांना दिसेल.